पस्तिशीतल्या तारुण्यपीटिका : वाचकांच्या प्रश्नांना त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पंचविशी ओलांडल्यानंतरही न थांबणाऱ्या मुरुमांविषयीची पत्रे पुष्कळ असतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या मजकुरात तक्रारीइतकीच लाजही असते. त्यांपैकी सहा पत्रे या वेळी निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३६ आहे. मी सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. मला नववी-दहावीपासून मुरुम येतात. ‘लग्नानंतर जातील’ असे आजी म्हणायची, लग्नानंतर ‘बाळंतपणात जातील’ असे सासूबाई म्हणू लागल्या. धाकटी मुलगी आता सात वर्षांची झाली, तरी पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखरे फोड येतातच. वर्गातली मुले ‘बाई, तुम्हाला काय चावलं?’ असे विचारतात. दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुते, तेलकट खाणे सोडले आहे, सकाळी लिंबूपाणी घेते. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही, हे मी सर्वांत आधी लिहिते, कारण वीस वर्षे ज्या गोष्टीसाठी तुम्ही स्वतःला दोष देत आला आहात, त्या गोष्टीचा तुमच्या स्वच्छतेशी किंवा शिस्तीशी संबंध नाही. या आजाराला आपण तारुण्यपीटिका म्हणतो आणि ते नावच पुष्कळांची दिशाभूल करते. सुश्रुतसंहितेत याला मुखदूषिका म्हटले आहे आणि तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या असे तिचे वर्णन आहे. ते वर्णन आजही चपखल वाटते. परंतु ‘तरुणांच्या’ हा शब्द इतका मनात बसला आहे, की छत्तिसाव्या वर्षी तोच आजार दिसला तर घरच्यांना तो अपवाद वाटतो आणि रुग्णाला आपला अपराध. वास्तविक पंचविशीनंतर मुरुम येणे मुळीच दुर्मीळ नाही. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक आढळते, आणि अशा बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तो शालेय वयात सुरू झालेलाच आजार पुढे चालू राहिलेला असतो.

त्वचेतील प्रत्येक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे तेल ज्या बारीक छिद्रातून बाहेर पडते, त्याच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी नीट न झडता एकमेकींना चिकटून राहिल्या, की तिथे बूच बसते. मागे तेल साचते, आपल्या सर्वांच्या त्वचेवर असणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू त्या तेलात वाढतो आणि शरीर त्याला प्रतिकार करू लागले, की लाल, दुखरा फोड उभा राहतो. ही सारी घडामोड फोड दिसण्याच्या काही आठवडे आधी आत सुरू झालेली असते. तैलग्रंथींना चालना देणारी अँड्रोजेन ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही तयार होतात आणि पाळीच्या आधी त्यांचा प्रभाव तुलनेने वाढतो. म्हणून तुमचे फोड त्याच आठवड्यात येतात. गंमत अशी, की तुमच्यासारख्या बहुतेक स्त्रियांच्या रक्तात ही संप्रेरके सामान्य प्रमाणातच असतात. त्यांच्या तैलग्रंथी मात्र त्या सामान्य प्रमाणालाही अधिक जोराने प्रतिसाद देतात.

हे ध्यानात घेतले, की वारंवार तोंड धुणे का निरुपयोगी आहे ते कळेल. नाकावरच्या ब्लॅकहेडचे काळे टोकसुद्धा मळ नसून हवेशी संपर्क आल्याने काळे पडलेले द्रव्य असते. साबणाने सहा वेळा धुतल्याने त्वचेचा संरक्षक थर झिजतो, ती चुरचुरते आणि मग कोणतेही औषध सोसवत नाही. सौम्य फेसवॉशने सकाळ-संध्याकाळ दोनदा धुणे पुरे. लिंबूपाणी आवडत असेल तर जरूर प्या, पण लिंबाचा रस चेहऱ्याला लावू नका. तसेच फोडावर टूथपेस्ट किंवा खाण्याचा सोडा लावणे म्हणजे भाजलेल्या जागेवर आणखी चटका देण्यासारखे आहे. बेसन-हळदीचे किंवा दिवाळीतले उटणे अभ्यंगस्नानापुरते अंगाला ठीक. फोड असलेल्या चेहऱ्यावर ते रगडू नये.

उपचाराचा कणा म्हणजे ॲडापलीन ०.१ टक्के हे रात्री लावायचे जेल. ते छिद्रातले बूच मुळातच तयार होऊ देत नाही, म्हणून ते फोडावर ठिपका देऊन लावायचे नसते. वाटाण्याएवढे जेल संपूर्ण चेहऱ्यावर, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडून पसरायचे असते. पहिले दोन आठवडे एक रात्र आड लावा, वरून साधे मॉइश्चरायझर लावा. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के लावता येते. ते जिवाणू मारते आणि त्याला दाद न देणारे जिवाणू तयार होत नाहीत. रंगीत टॉवेल, उशीचे अभ्रे आणि साडीची किनार मात्र त्यापासून जपा, कारण त्याने कापडाचा रंग उडतो. ही औषधे एकदा डॉक्टरांना चेहरा दाखवून त्यांच्या चिठ्ठीनेच सुरू करावीत. आणि पुन्हा बाळाचा विचार असेल तर ॲडापलीन सुरू करण्यापूर्वीच तसे त्यांना सांगावे.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्वचा सोलवटते, लाल होते, काहींना फोड वाढल्यासारखेही वाटतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेकजण ‘हे मला सोसत नाही’ म्हणून ट्यूब फेकून देतात. माझी कळकळीची विनंती आहे, की बारा आठवडे पूर्ण होण्याआधी औषधाचा निकाल लावू नका. चेहरा साफ झाल्यावरही ॲडापलीन आठवड्यातून काही रात्री चालू ठेवावे लागते. रक्तदाबाची गोळी दाब उतरला म्हणून आपण बंद करत नाही, तसाच हा प्रकार आहे.

प्रश्न : मी नाशिकची, वय ३१. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत मुरुम बसले आणि चेहरा उजळला, त्यामुळे रोज लावत राहिले. आता एक दिवस जरी चुकला, तरी चेहरा लालबुंद होतो, आग होते आणि बारीक फोड भरून येतात. हनुवटीवर लवही वाढली आहे. उन्हात उभे राहवत नाही. ट्यूब बंद करू की चालू ठेवू?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या वेष्टणाच्या छायाचित्रावर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन नावे आहेत. हे मिश्रण वांगासारख्या विशिष्ट डागांसाठी, तेही मोजके आठवडे आणि देखरेखीखाली वापरायचे असते. त्यातील मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. बीटामेथासोन आणि क्लोबेटासोल ही नावे असलेल्या ट्यूबही याच घराण्यातल्या. स्टेरॉइडने दाह दबतो, म्हणून आठ दिवसांत मुरुम बसल्यासारखे वाटतात. परंतु महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच एकसारख्या आकाराचे नवे फोड येतात. मग ते दाबण्यासाठी पुन्हा तीच ट्यूब लावली जाते. त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असेच म्हणतात, आणि आपल्या देशात तो इतका आढळतो, की आमच्या व्यवसायातील संघटनांना वर्षानुवर्षे त्याविरुद्ध मोहीम चालवावी लागली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली, तरीही ती काउंटरवर मागितली की मिळतात याचे मला मनापासून दुःख होते, कारण गोरे दिसण्याच्या आपल्या समाजाच्या हव्यासाची किंमत तुमच्यासारख्या मुली चेहऱ्याने चुकवतात.

ट्यूब बंद करायचीच आहे, मात्र ती कशी बंद करायची हे त्वचारोगतज्ज्ञांना ठरवू द्या. दोन वर्षांच्या वापरानंतर काही वेळा सौम्य स्टेरॉइडवर आणून हळूहळू थांबवावे लागते, काही वेळा स्टेरॉइड नसलेले दाहशामक मलम मध्ये द्यावे लागते, तर काही वेळा पोटातून काही आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यावे लागते. बंद केल्यावर लाली आणि आग आधी वाढेल. ती काही आठवडे, कधी काही महिने टिकेल. या काळात आरशात दिसणारा चेहरा हा तुमचा खरा चेहरा नाही, आणि ट्यूब सोडल्यामुळे तो बिघडला असेही नाही. ट्यूबने झाकलेले आता उघडे पडले आहे. फेशियल, ब्लीच, स्क्रब, सुगंधी क्रीम यांना या काळात पूर्ण विराम द्या. साधे मॉइश्चरायझर, भरपूर सनस्क्रीन आणि आग झाल्यास थंड पाण्याने भिजवलेला मऊ सुती रुमाल एवढेच पुरे आहे. मुरुमांची नेहमीची औषधे त्वचा शांत झाल्यावर सुरू होतील. आज ॲडापलीन लावले तर ते सोसवणार नाही.

प्रश्न : वय २७, पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरी. पाळी दोन-दोन महिने येत नाही, वजन वाढले आहे, ओठांवर आणि हनुवटीवर राठ केस आहेत, आणि मुरुम तर आहेतच. सोनोग्राफीत पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार, निघाला. डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या आहेत. आई म्हणते, ‘लग्नाआधी या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होणार नाही.’ दुचाकीवर रोज तासभर तोंडाला स्कार्फ बांधते, त्याचाही परिणाम होत असेल का?

उत्तर : आईंची काळजी मी समजू शकते, आणि त्यांना हे उत्तर वाचून दाखवावे म्हणूनच जरा विस्ताराने लिहिते. या गोळ्यांतील संप्रेरके अंडाशयातून तयार होणारे अँड्रोजेन कमी करतात आणि रक्तात मोकळे फिरणारे अँड्रोजेन बांधून ठेवणारे प्रथिन वाढवतात. त्यामुळे मुरुम आणि राठ केस दोन्हींवर त्यांचा उपयोग होतो. गोळ्या थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते. त्या घेतल्यामुळे वंध्यत्व येत नाही. पीसीओएसमध्ये गर्भधारणेला कधी वेळ लागतो तो अंडे नियमित बाहेर न पडल्यामुळे, म्हणजे मूळ विकारामुळे. गोळ्या कोणी घेऊ नयेत, याचे नियम मात्र काटेकोर आहेत. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून होणारी अर्धशिशी, शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा पूर्वेतिहास, अनियंत्रित रक्तदाब, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे.

गोळ्या नकोच असतील, तर स्पायरोनोलॅक्टोन हा दुसरा मार्ग आहे. हे मूळचे लघवी वाढवणारे व रक्तदाबावरचे जुने औषध. ते तैलग्रंथीवरचा अँड्रोजेनचा परिणाम अडवते. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, त्याचा फायदा बाराव्या आठवड्यापेक्षा चोविसाव्या आठवड्याला अधिक स्पष्ट दिसला, यावरून किती धीर धरावा लागतो याची कल्पना येईल. त्याने पाळी मागेपुढे होऊ शकते, आणि ते चालू असताना गर्भधारणा होता कामा नये.

मुरुमांच्या प्रत्येक रुग्णाला संप्रेरकांच्या तपासण्यांची गरज नसते. तुमच्यासारखी लक्षणे असतील तेव्हाच त्या उपयोगी पडतात. तुम्ही रक्तातील साखर आणि चरबीही जरूर तपासून घ्या, कारण पीसीओएस हा केवळ पाळीचा किंवा चेहऱ्याचा प्रश्न नाही. वजन पाच-सात किलोंनी जरी कमी झाले, तरी पाळी सुधारण्याची चांगली शक्यता असते.

स्कार्फविषयी तुमचे निरीक्षण योग्य आहे. घट्ट बांधलेल्या कापडाचे आणि हेल्मेटच्या पट्ट्याचे घर्षण, खालचा घाम आणि उष्णता यांमुळे हनुवटीवरचे फोड वाढतात. तरीही पुण्याच्या धुळीत आणि उन्हात स्कार्फ सोडा असे मी म्हणणार नाही. पातळ सुती कापड घ्या, सैल बांधा, आणि रोज धुतलेला वापरा. आठवडाभर गाडीच्या डिकीत पडून असलेला स्कार्फ तोंडाला बांधू नका.

प्रश्न : कोल्हापूरहून लिहितो, वय २९. आधी तालमीत जायचो, आता जिममध्ये जातो. दूध-बदामाचा खुराक आहे, सोबत व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रथिनांची भुकटी). खांदे, पाठ आणि छातीवर फोड आले आहेत. खुराक बंद करावा का?

उत्तर : दूध आणि मुरुम यांचा काही संबंध असल्याचे निरीक्षण आहे, व्हे प्रोटीन सुरू केल्यावर मुरुम वाढलेले रुग्णही आम्ही पाहतो, पण हा संबंध सर्वांना सारखा लागू पडत नाही. दोन महिने व्हे बंद करून डाळी, उसळी, अंडी यांवर प्रथिने भागवा आणि फरक पडतो का ते पाहा. तेवढ्याने पुरावा मिळेल, दूध तोडण्याची घाई नको. जिममध्ये कोणी ‘ताकदीची’ इंजेक्शने दिली असतील, तर मात्र ती तत्काळ थांबवून डॉक्टरांना सांगा. त्यांतील स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडने (हे मलमातल्या स्टेरॉइडपेक्षा वेगळे) खांद्या-पाठीवर फार तीव्र मुरुम उठतात, आणि नुकसान त्वचेपुरते राहत नाही. फोड एकसारखे बारीक असून खाज येत असेल, तर ते मुरुम नसून बुरशीमुळे झालेले असू शकतात, ज्यांना मुरुमांची औषधे लागू पडत नाहीत. व्यायामानंतर घामाचे कपडे लगेच बदला.

भजी-वड्याने मुरुम येतात, हा समज मात्र जितका पक्का आहे तितका खरा नाही. साखर आणि मैदा, ज्यांनी रक्तातील साखर झपाट्याने चढते, त्यांच्याविषयीचा पुरावा तेलापेक्षा बळकट आहे.

प्रश्न : मी पणजीत राहते, वय ३३. तीव्र मुरुमांसाठी चार महिन्यांपासून आयसोट्रेटिनॉइन घेते आहे आणि चेहरा खूप सुधारला आहे. आम्हाला आता बाळ हवे आहे. कधी थांबू? या औषधाने पुढे त्रास होईल का?

उत्तर : आधी डॉक्टरांशी बोलून औषध थांबवा, शेवटच्या गोळीनंतर पूर्ण एक महिना गर्भनिरोधन चालू ठेवा, आणि त्यानंतरच प्रयत्न करा. हे औषध पोटात असताना गर्भधारणा झाली, तर बाळाच्या मेंदूत, हृदयात आणि चेहऱ्याच्या रचनेत गंभीर व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून या एका महिन्यात कसलीही तडजोड नको. या काळात रक्तदानही करू नये, कारण ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिले जाऊ शकते. महिना उलटल्यावर औषध शरीरातून निघून गेलेले असते आणि पुढच्या गर्भधारणेवर त्याचा परिणाम राहत नाही.

ॲडापलीन आणि डॉक्सिसायक्लिनही गर्भारपणाचा विचार सुरू झाला की बाजूला ठेवावीत. या काळात मुरुम पुन्हा डोके वर काढू लागले, तर ॲझेलेइक ॲसिड हे चेहऱ्याला लावायचे औषध सुरक्षित मानले जाते, आणि त्याने डागही फिके होतात. त्वचा अजून नाजूक असल्यामुळे पार्लरमध्ये ओठांवर वा गालांवर वॅक्सिंग करून घेऊ नका. सालपट निघून जखम होते.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, वय ४१. मुरुम कमी झाले, पण गालांवर काळे डाग आणि खड्डे आहेत. अधूनमधून नवे फोडही येतात. पुढच्या महिन्यात प्रथमच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला नागपूरला जाणार आहे. एवढ्या लांबून पुन्हा पुन्हा जाणे जमणार नाही. काय तयारी करून जाऊ?

उत्तर : डाग आणि खड्डे यांचे उपचार पूर्णपणे वेगळे असतात. गालाची त्वचा बोटांनी हलकेच ताणून पाहा. सपाट काळपट राहते तो डाग, आणि ताणली तरी खोलगट सावली दिसते तो खड्डा. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत फोड बसल्यावर डाग उरतोच, तो काही महिन्यांत आपोआप फिका होतो, पण शेतात उन्हात राबताना सनस्क्रीन आणि रुंद काठाची टोपी नसेल तर तो लांबतो. खड्डा मात्र मलमाने भरून येत नाही. त्यासाठी बारीक सुयांचे उपचार, खालचे तंतू सोडवणे किंवा लेझर असे पर्याय असतात, आणि ते सगळे नवे फोड पूर्ण थांबल्यावरच करायचे असतात. पहिल्याच भेटीत कोणी महागड्या लेझरचे पॅकेज पुढे केले, तर ‘आधी फोड थांबवू’ असे निःसंकोच सांगा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. तिथे गर्दी असली, तरी खर्च खूप कमी येतो.

जाताना आजवर लावलेल्या प्रत्येक ट्यूबचे वेष्टण, अर्धवट वापरलेल्या ट्यूबसह, पिशवीत घालून न्या. नाव आठवत नसेल त्या गावठी मलमाची डबीसुद्धा न्या. क्षयरोगाची, फिटची किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेतली असतील, तर तेही सांगा, कारण त्यांतील काहींनी मुरुमांसारखे फोड उठतात. डोक्याला कोणते तेल लावता आणि ते कपाळावर उतरते का, हेही सांगा. त्या दिवशी चेहऱ्याला काहीही लावून जाऊ नका. चिठ्ठी मिळाल्यावर कोणते औषध सकाळी आणि कोणते रात्री, किती आणि किती दिवस, हे दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी मराठीत लिहून घ्या. त्रास झाल्यास फोनवर विचारता येईल का ते विचारा, आणि दुसरी फेरी बारा आठवड्यांनंतरची ठरवून या.